सर्व्हर का पडत होता

त्या उन्हाळ्यात मला असं वाटायला लागलं होतं की फोन वाजायच्या आधीच आपल्याला कळतं. ते खरं नव्हतं. खरं एवढंच होतं की मी दिवसभर तो वाजायची वाट बघत असायचे, त्यामुळं तो कधीही वाजला तरी वाटायचं, बघ, कळलं होतं मला. भाजी निवडताना, मुलीची वेणी घालताना, सासूबाईंशी बोलताना सगळं लक्ष फोनकडं. समोरच्या माणसाचं बोलणं अर्धंच ऐकू यायचं. सासूबाई एकदा म्हणाल्या, तू घरात असून नसल्यासारखीच आहेस. त्यांचं चुकत नव्हतं.

लग्नाआधी मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करायचे. लग्नानंतर उमरग्याला आले. नवरा इथल्या एका कॉलेजात शिकवतो. आल्यावर काही वर्षं मी घरीच होते, मग गावातल्या एका डॉक्टरबाईंनी बोलावून घेतलं. हायवे सोडून थोडं आत त्यांचं तपासणी केंद्र आहे. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी, सगळं एका छताखाली. तालुक्यातली माणसं तर येतातच, पण आळंद, बसवकल्याणकडून, म्हणजे कर्नाटकातूनही बरीच येतात. त्यांना सोलापूर लांब पडतं, उमरगा जवळ. डॉक्टरबाईंना रिपोर्ट कागदाबरोबर वेबसाइटवरही ठेवायचे होते. पेशंटच्या फोनवर लिंक जावी, आणि सोलापूरच्या किंवा लातूरच्या डॉक्टरला ती उघडून लगेच बघता यावी. तो सगळा मांड मी मांडला. एक्स-रेच्या खोलीशेजारी एक अरुंद खोली होती, तिथं सर्व्हर ठेवला.

वेबसर्व्हर म्हणजे शेवटी एक प्रोग्रामच. येणारी प्रत्येक मागणी घ्यायची आणि तिचं उत्तर पाठवायचं, एवढंच त्याला येतं. त्याहून जास्त काही करून घ्यायचं असेल तर त्यात वेगळी मॉड्यूल, म्हणजे वरून जोडायचे तुकडे, घालावी लागतात. एक मॉड्यूल मी स्वतः बसवलं होतं. एक्स-रे आणि सोनोग्राफीची चित्रं फार जड असतात, ती हलकी करून त्यांच्यावर पेशंटचं नाव नि तारीख उमटवायचं काम ते करायचं. दुसरं मॉड्यूल नंतर आलं. कर्नाटकातल्या पेशंटना रिपोर्ट आणि सूचना कन्नडमध्ये मिळाव्यात अशी डॉक्टरबाईंची इच्छा होती. कन्नड अक्षरं नीट जुळवून पान तयार करणारं मॉड्यूल कलबुर्गीच्या एका गृहस्थांनी केलं होतं, ते डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडून घेतलं. तेही मीच बसवलं. चाचणी घेतली, सगळं व्यवस्थित चाललं.

आणि त्यानंतर काही दिवसांनी सर्व्हर पडायला लागला.

कधी पडेल त्याचा काही नेम नव्हता. कधी सकाळी गर्दी ऐन रंगात असताना, कधी दुपारी केंद्रात चिटपाखरू नसताना. कधी आठवडाभर काही नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. काउंटरवर एक बाई बसायच्या, त्यांचा मला एकाच शब्दाचा मेसेज यायचा. "गेलं." मी फोनवरून सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की तो लगेच उठायचा, जसं काही झालंच नाही. याचाच जास्त त्रास व्हायचा. काही मोडलेलं, जळालेलं दिसलं असतं तर हात लावायला जागा सापडली असती. लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हर स्वतःविषयी जी नोंद लिहीत असतो तिच्यात, एकच ओळ असायची. एका प्रोसेसनं, म्हणजे आत चालणाऱ्या प्रोग्रामच्या एका प्रतीनं, जी मेमरी आपली नाही तिच्यात हात घातला, म्हणून तिला मारून टाकलं. कशासाठी हात घातला, कुणामुळं घातला, काही नाही.

मी आधी उन्हाला धरलं. खोली लहान, पत्र्याचं छत, मे महिन्याची तलखी. डॉक्टरबाईंनी खोलीत एसी बसवून दिला. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी मेसेज आला. मग विजेवर संशय घेतला, कारण आमच्याकडं व्होल्टेज कधी वर कधी खाली. यूपीएस बदलला. मग मेमरीची कार्डं बदलली. प्रत्येक वेळी मी डॉक्टरबाईंना खात्रीनं सांगायचे की आता नाही पडणार, आणि प्रत्येक वेळी तो पडायचा. त्या नुसतं बरं म्हणायच्या आणि पुढच्या पेशंटकडं वळायच्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मला एका जागी बसवत नसे. खुर्चीत बसले की पाय हलत राहायचा. उठून एक्स-रेच्या खोलीपर्यंत जायचं, परत यायचं, काउंटरवर डोकावायचं, परत यायचं. कधी कधी तशीच बाहेर पडून हायवेपर्यंत चालत जायचे. हैदराबादकडचे ट्रक तिथं ओळीनं उभे असतात, ड्रायव्हर चहा पीत बसलेले असतात. त्यांच्याकडं बघत उभी राहायचे आणि मनात तीच ओळ फिरत असायची. एकदा तर या ट्रकांच्या हादऱ्यानं डिस्क हलत असेल असाही विचार करून बघितला. म्हणजे डोकं कुठवर गेलं होतं ते कळेल.

एवढं असूनही आपोआप सुरू होण्याची सोय का केली नाहीस, असं मला नंतर एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं. केली होती. सर्व्हर मेला तर त्याला उठवणारा एक छोटा प्रोग्राम मी लावला होता. पण सर्व्हर पुरता मरायचा नाही, तो तुंबायचा. आत एकाच वेळी बऱ्याच प्रोसेस काम करत असतात. त्यांतली एक मरताना सगळ्यांच्या मिळून वापरायच्या फायलीला लावलेलं कुलूप तसंच ठेवून जायची. बाकीच्या ते कुलूप उघडायची वाट बघत रांगेत उभ्या. बाहेरून माझ्या राखणदाराला सगळ्या जिवंत दिसायच्या, म्हणून तोही गप्प.

जूनच्या मध्यात एक दिवस असा आला की त्यानंतर हा नुसता माझ्या डोक्याचा ताप राहिला नाही. मी मुलीच्या शाळेत पालकसभेला गेले होते. शाळेचं सभागृह आतल्या बाजूला, तिथं फोनला रेंज नाही. बाहेर आले तर फोनवर कॉलच कॉल. एका गरोदर बाईला तापात फार अशक्तपणा आला होता. गावातल्या डॉक्टरांनी तिचं रक्त आमच्याकडं तपासायला दिलं आणि तिला तसंच सोलापूरला पाठवलं, रिपोर्ट लिंकवर मिळेल या भरवशावर. ती सोलापूरला पोचली. तिथले डॉक्टर प्लेटलेटचा आकडा मागत होते आणि लिंक नुसती गोल गोल फिरत होती.

मी तिथंच उभ्या उभ्या सर्व्हर चालू करायला गेले, पण घाईत पासवर्ड दोनदा चुकला. तशीच स्कूटी काढून केंद्रावर आले. तोवर डॉक्टरबाईंनी स्वतः आत जाऊन मशिनमधून निघालेला कागद हातात घेतला होता आणि सोलापूरच्या डॉक्टरांना फोनवरून एकेक आकडा वाचून दाखवला होता. पलीकडून त्यांनी तो पुन्हा म्हणून खात्री करून घेतली. मी पोचले तेव्हा हे सगळं उरकलं होतं. त्या बाईला वेळेवर रक्तातल्या पेशी चढवल्या, ती वाचली, आणि पुढं तिचं बाळंतपणही सुखरूप झालं असं आम्हाला कळलं. पण त्या दुपारी मला हे काहीच माहीत नव्हतं. मी डॉक्टरबाईंच्या दारात घामेजून उभी होते.

त्यांनी मला आत बोलावलं, बस म्हणाल्या. मला बसवेना.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही आणि तुझ्यावर माझा राग नाही. पण उद्यापासून या लिंकवर भरवसा ठेवा असं लोकांना सांगायचं की नाही, तेवढं मला तू सांग."

मी आठ दिवस द्या म्हणाले. तोवर सगळ्यांना कागद घेऊनच जायला सांगायचं ठरलं.

मग मी सर्व्हरची दुरुस्ती बाजूला ठेवली आणि तो कधीपासून पडायला लागला ते मागं जाऊन बघितलं. पडायला लागला तो कन्नडचं मॉड्यूल आल्यानंतर. इतके दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण चाचणीत ते नीट चाललं होतं म्हणून मी त्याच्याकडं पाठ फिरवली होती. मी कलबुर्गीला फोन लावला. त्या गृहस्थांशी माझं तोवर कामापुरतंच बोलणं झालं होतं. त्यांचं मराठी चांगलं होतं, अधूनमधून दख्खनी आणि कन्नड मिसळलेलं, बोलायचे हळू.

"माझ्याकडं तर कधी पडत न्हाय मॅडम," ते म्हणाले. "इथं दोन ठिकाणी चालू हाय. तुमच्या दुसऱ्या कशामुळं तर होत नसंल?"

मी म्हटलं, दुसरं सगळं आधीपासून होतं आणि तेव्हा पडत नव्हता. ते म्हणाले, बघतो. त्यांच्या बघतो म्हणण्यात मला टाळाटाळ दिसली. पुढचे दोन दिवस असेच फोन झाले. मी त्यांना लॉगची ओळ पाठवायचे, ते उत्तर द्यायचे की या ओळीत माझ्या मॉड्यूलचं नाव कुठं आहे? तेही खरंच होतं. तिसऱ्या दिवशी मी त्यांचं मॉड्यूल काढून टाकलं. कन्नड सूचनांच्या जागी मराठी आणि इंग्रजी जाऊ लागल्या. सर्व्हर शांत झाला. चार दिवस एकही मेसेज नाही. मी त्यांना कळवलं की तुमचं काढल्यापासून पडलेला नाही. त्यांचं उत्तर आलं, ओके मॅडम.

मला सुटल्यासारखं वाटलं. त्या चार दिवसांत मी पहिल्यांदा दुपारी झोपले.

पाचव्या दिवशी सकाळी मी काउंटरजवळच उभी होते. आळंदच्या पलीकडच्या खेड्यातून एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा आले. म्हाताऱ्यांना साखरेचा त्रास, उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी नेहमीसारखं विचारलं, काही खाल्लं का. त्यांना थोडं कन्नड येतं, त्यांनी ते कन्नडमध्ये विचारलं. मुलगा म्हणाला, भाकरी खाऊन निघालो, लांबचा प्रवास, दोन बस बदलाव्या लागतात. उपाशी यायचं कुणी सांगितलंच नाही. बाई म्हणाल्या, फोनवर सूचना गेली होती. मुलानं फोन काढून दाखवला. सूचना गेली होती, पण मराठीत. त्याला मराठी बोललेलं थोडं कळायचं, वाचता येत नव्हतं.

"मागच्या टायमाला आमच्या अक्षरात आलतं," तो मोडक्यातोडक्या मराठीत एवढंच म्हणाला.

मी त्या म्हाताऱ्यांकडं बघितलं. ते भिंतीशी बाकावर बसले होते, धोतर सावरत. माझी नजर त्यांना दिसली आणि आपली चौकशी होतेय असं त्यांना वाटलं असावं. ते हसले आणि म्हणाले, "ऊटा आयतु." जेवण झालं. कुणी आपुलकीनं जेवलात का विचारलं तर द्यायचं उत्तर, तसं त्यांनी ते दिलं.

त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं लागणार होतं. डॉक्टरबाईंनी त्यांची आसपास कुठं मुक्कामाची सोय होते का विचारलं, पण घरी जनावरं होती, ते परत गेले. मी त्याच दुपारी कन्नडचं मॉड्यूल पुन्हा बसवलं. सर्व्हर पडला तर पडू दे, असं त्या वेळी मनात आलं. संध्याकाळी तो पडलाच.

मी कलबुर्गीला फोन करून सकाळचा प्रसंग सांगितला. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, एक सांगू का, वाईट वाटून घेऊ नका. एकदा तुमचं चित्रांचं मॉड्यूल काढून बघा. माझं राहू द्या.

मला वाईट वाटलं. ते मॉड्यूल कन्नडच्या कितीतरी आधीपासून चालत होतं, आणि त्याच्यामुळं पडत असता तर आधीच पडला नसता का? पण म्हणायला माझ्याकडं दुसरं काही नव्हतं. मी ते काढलं. चित्रं मूळ आकारात जाऊ लागली. सोलापूरहून तक्रार आली की एक्स-रे उघडायला फार वेळ लागतो. पण सर्व्हर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी तासातासाला लॉग उघडून बघत होते आणि खरं सांगायचं तर तो पडावा असं वाटत होतं. तो पडला नाही.

त्या दिवशी दुपारी मी त्यांना फोन लावला. म्हटलं, तुमचं काढलं तरी शांत आहे आणि माझं काढलं तरी शांत आहे.

 पलीकडं कुठंतरी मिक्सर चालू असल्याचं ऐकू येत होतं.

"म्हणजे माझंबी बरोबर हाय आणि तुमचंबी बरोबर हाय," ते म्हणाले. "दोघं एका घरात ऱ्हायली की बिघडतंय. मी येतो मॅडम. फोनवर हे व्हायचं न्हाय."

रविवारी केंद्र दुपारी बंद असतं, तेव्हा ते आले. माझ्या डोक्यात एखादा तिशीचा पोरगेला माणूस होता. आले ते पन्नाशीकडं झुकलेले, इस्त्रीचा पांढरा शर्ट, एका खांद्याला लॅपटॉप आणि दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत तूरडाळ होती, घरच्या शेतातली, डॉक्टरबाईंना आणि मला. शाळेत कॉम्प्युटर शिकवायचे, ते सोडून त्यांनी हे काम सुरू केलं होतं. कन्नड अक्षरं पानावर तुटक उमटतात, जोडाक्षरं फुटतात, ते बघून चीड यायची म्हणून त्यांनी ते मॉड्यूल लिहायला घेतलं होतं. हे सांगताना पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला.

आम्ही दोन्ही मॉड्यूल कशाकशावर अवलंबून आहेत ते शेजारी शेजारी मांडून बघितलं. प्रत्येक मॉड्यूल सगळं काम स्वतः करत नाही, तयार लायब्ररी वापरतं. लायब्ररी म्हणजे कुणीतरी आधी लिहून ठेवलेलं काम. एक नाव दोन्हीकडं दिसलं. अक्षरांचे आकार काढणारी लायब्ररी. माझ्या मॉड्यूलला ती चित्रावर नाव उमटवायला लागायची, त्यांच्या मॉड्यूलला पान जुळवायला. पण माझ्याकडं जुनी आवृत्ती होती आणि त्यांनी आपल्याबरोबर नवी आणली होती. एकाच प्रोसेसमध्ये एकाच नावाच्या दोन, आतली रचना मात्र वेगळी.

"हेच असंल," ते म्हणाले.

मी म्हटलं, असेल, पण मग चाचणीत का नाही पडला? आणि आठवडा आठवडा का नाही पडत?

आम्ही कन्नड रिपोर्ट काढला, चालला. एक्स-रे उघडला, चालला. पुन्हा पुन्हा केलं, काही होईना. तास गेला. ते शांत बसून होते आणि मी खोलीत फेऱ्या मारत होते. त्या अरुंद खोलीत तीन पावलांत भिंत येते. ते म्हणाले, बसा की. मी म्हटलं, मला बसून सुचत नाही.

आणि चालता चालताच माझ्या लक्षात आलं की आम्ही पाठवतोय ती प्रत्येक मागणी वेगवेगळ्या प्रोसेसकडं जाते आहे. कन्नड रिपोर्ट एकीनं काढला, एक्स-रे दुसरीनं. दोन्ही कामं एकीच्याच वाट्याला यायला हवीत. मी सर्व्हरला सांगितलं की सगळ्या प्रोसेस बंद, फक्त एकच ठेव. मग कन्नड रिपोर्ट मागितला. आला. मग एक्स-रे मागितला.

पान गोल फिरायला लागलं. लॉगमध्ये ती ओळ उमटली.

मी त्यांच्याकडं बघितलं, ते माझ्याकडं. पुन्हा चालू केलं, पुन्हा कन्नड, पुन्हा एक्स-रे. पुन्हा पडला. मग उलट करून बघितलं, आधी एक्स-रे आणि मग कन्नड. नाही पडला. पुन्हा सुलट केलं. पडला. आम्ही दोघं त्याला मुद्दाम पाडत होतो आणि हसत होतो. इतके दिवस ज्याच्या पडण्यानं मला अन्न गोड लागत नव्हतं, तो आता मी सांगेन तेव्हा पडत होता, याचा मला जो आनंद झाला तो कुणाला समजावून सांगता येईल असं वाटत नाही. डॉक्टरबाई केंद्राच्या वरच राहतात. आमचं हसणं ऐकून त्या खाली आल्या. मी त्यांना म्हटलं, बघा, आता पडेल, आणि पाडून दाखवला. त्यांनी आमच्याकडं जरा काळजीनं बघितलं.

मग आम्ही त्यांना समजावलं. एखाद्या प्रोसेसनं आधी कन्नड रिपोर्ट काढला की नवी लायब्ररी तिच्या मेमरीत येऊन बसते. नंतर त्याच प्रोसेसला एक्स-रेचं काम मिळालं की माझं मॉड्यूल आपल्या जुन्या लायब्ररीला हाक मारतं आणि ओ देते नवी. नाव तेच, पण आत वस्तू वेगळ्या जागी ठेवलेल्या. जुन्या जागेवर हात घातला की दुसऱ्याच कशाला तरी हात लागतो. आधी एक्स-रे झाला असेल तर माझी जुनी आपल्या जागी बसलेली असते आणि त्यांचं मॉड्यूल सोबत आणलेली नवीच वापरतं, म्हणून तेव्हा काही होत नाही. कुठल्या प्रोसेसला कधी काय काम मिळेल ते गर्दीवर अवलंबून, म्हणून त्याचा नेम लागत नव्हता.

"मग आता?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

उपाय मला ठाऊक होता. दोघांपैकी एक मॉड्यूल सर्व्हरमधून काढायचं आणि त्याला बाहेर स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालवायचं. काम लागलं की सर्व्हर त्याच्याकडं पाठवेल, उत्तर घेऊन येईल. दोघांची मेमरी वेगळी, मग भांडणाला जागाच नाही. मी म्हटलं, कन्नडचं बाहेर काढू, ते सोपं आहे, आजच होईल.

ते लॅपटॉप मिटवत म्हणाले, "चालंल. कुठंबी गेलं तरी माझंच बाहेर ठेवत्यात, त्यात काय." तक्रार केल्यासारखं नाही, सहज बोलावं तसं. मग विषय बदलून त्यांनी परतीच्या बसची चौकशी केली.

डॉक्टरबाईंनी काही ऐकलं नसेल, किंवा ऐकून न ऐकल्यासारखं केलं असेल. मला मात्र ते वाक्य लागलं. काम सोपं आहे हे खरंच होतं, पण नव्यानं आलेल्यालाच बाहेर काढायचं हे माझ्या मनात इतकं पटकन कसं आलं, ते मला कळेना. चहा झाला. चहा पिताना मी म्हटलं, माझंच बाहेर काढते. चित्रं जड असतात, त्यांचं काम वेगळं चाललं तर सर्व्हरवरचा ताणही कमी होईल. जरा जास्त दिवस लागतील एवढंच.

"त्याची काय गरज न्हाय अक्का," ते म्हणाले. मॅडमचं अक्का कधी झालं ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं.

मी म्हटलं, गरज म्हणून नाही, पुढंमागं तेच बरं पडेल. आणि पडलंही. नंतर चित्रांच्या प्रोग्रामसाठी आम्ही वेगळं मशीन घेतलं तेव्हा ते नुसतं उचलून तिकडं ठेवता आलं. पण त्या दिवशी मी ते एवढ्या पुढचा विचार करून बोलले नव्हते.

काम पुरं व्हायला आठवड्याच्या वर गेलं. ते कलबुर्गीहून फोनवर असायचे, मी इथं. आता आमचे फोन लांबायला लागले. मधेच ते त्यांच्या भागातला पाऊस सांगायचे, मी आमचा. सगळं बसल्यावर मी पुन्हा सर्व्हरला एकाच प्रोसेसवर आणलं आणि कन्नड, एक्स-रे, कन्नड, एक्स-रे असं दुपारभर झोडपलं. पडला नाही. मग मी डॉक्टरबाईंना जाऊन सांगितलं, लिंकवर भरवसा ठेवा असं लोकांना सांगा. त्या बरं म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडं वळल्या.

त्यानंतर मला निवांत वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अंगाला सवय लागली होती, ती एका दिवसात कशी जाईल? फोन वाजला नाही तर रेंज आहे ना म्हणून बघायचे. केंद्रात गेले की उगाच लॉग उघडायचे. नवरा एकदा जेवताना म्हणाला, आता कशाची वाट बघतेस?  पुढं पावसाळ्यात एकदा सर्व्हर थांबला, पण डिस्क भरली होती म्हणून. कारण समोर होतं. जुन्या फायली हलवल्या, झालं. त्या वेळी काळजात धस्स झालं नाही, हे माझ्या दोन दिवसांनी लक्षात आलं.

दिवाळी झाल्यावर कलबुर्गीहून त्यांचा फोन आला. त्यांच्या गावात एक जुनं वाचनालय आहे. पुस्तकांची यादी वेबसाइटवर ठेवलीय, ती सारखी बंद पडते. मीच बसवून दिली होती, म्हणाले, आणि मलाच सापडत न्हाय. अक्का, एकदा येऊन जाताव का?

मी मुलीला सासूबाईंकडं सोपवलं आणि सकाळच्या बसनं निघाले. आळंदपर्यंत रस्ता खराब, दोन्ही बाजूंना तुरीचं पीक कमरेपर्यंत आलेलं. दुकानांच्या पाट्या मराठीतून कन्नडमध्ये कुठं बदलल्या ते बघायचं म्हणून मी खिडकीशी बसले होते, पण ते नेमकं कुठं झालं ते चुकलंच. स्टँडवर ते घ्यायला आले होते. वाचनालयात त्यांनी मला एक खुर्ची पुसून दिली, कॉम्प्युटर चालू केला आणि शेजारी उभे राहिले. खिडकीजवळ दोन म्हातारे वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी लॉग उघडला. वेगळीच ओळ होती, आधी कधी न बघितलेली.

मी त्यांना विचारलं, यात शेवटी नवीन काय घातलं, आणि ते यायच्या आधीपासून इथं काय काय होतं, ते सगळं सांगा.

त्यांनी दुसरी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली.